ट्रस्टचा हिशोब कुठे बघायचा, काय बघायचं आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार कशी करायची

"आमच्या देवस्थानचे विश्वस्त हिशोब दाखवत नाहीत", "शाळेच्या संस्थेत पंधरा वर्षं निवडणूकच नाही", "वाचनालयाची जागा परस्पर कुणाला तरी दिली" असे फोन मला महिन्याला दोनतीन तरी येतातच आणि प्रत्येकाचा पुढचा प्रश्न एकच असतो, आता कलेक्टरकडे जायचं का पोलिसात. दोन्हीकडे नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही. महाराष्ट्रात यासाठी सत्तर वर्षांपासून वेगळं खातं आहे, धर्मादाय आयुक्तांचं, आणि तिथलं काम कसं चालतं हे मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या भानगडीत सात वर्षं तारखा करून शिकलो, ते सगळं इथे क्रमाने लिहितो. मी वकील नाही, सभासद म्हणून गेलो होतो. प्रकरण मोठं असेल तर वकील गाठाच, पण वकिलाकडे जाण्याआधीचं निम्मं काम आपलं आपल्याला करता येतं आणि तेच बहुतेक जण करत नाहीत.

आधी हे खातं काय आहे ते बघू.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने न्या. तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, धर्मादाय संस्थांच्या पैशांवर देखरेख कशी ठेवायची हे सांगायला, आणि त्यातून १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आला. पुढे नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं, पण बार रूममध्ये आणि ऑफिसच्या बारनिशीला सगळे अजून बीपीटी ॲक्टच (बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स ॲक्ट) म्हणतात. देऊळ, मठ, शाळेची संस्था, हॉस्पिटल ट्रस्ट, वाचनालय, व्यायामशाळा, महिला मंडळ, अनाथाश्रम, सगळं यात येतं. आपल्याकडे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था सुद्धा परत ट्रस्ट म्हणून नोंदवावी लागते, म्हणून एकाच संस्थेचे दोन नोंदणी नंबर असतात आणि लोकांचा गोंधळ होतो. हे सगळ्या देशात असं नाही हे लक्षात घ्या. गुजरातमध्ये हाच कायदा गेला, काही राज्यांनी आपापले केले, आणि बऱ्याच राज्यांत असं धर्मादाय खातंच नाही. गोव्यात तर देवस्थानांसाठी पोर्तुगीज काळातला १९३३ चा महाजनी कायदा आहे आणि तिथे देखरेख मामलेदाराकडे असते, त्यामुळे गोव्यातल्या देवळाची तक्रार घेऊन मुंबईत वरळीच्या धर्मादाय ऑफिसात येऊ नका.

वरळीला मुख्य ऑफिस, विभागाला सह धर्मादाय आयुक्त, जिल्ह्याला उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त. आपलं काम नव्वद टक्के जिल्ह्याच्याच ऑफिसात. हे ऑफिस अर्धं सरकारी खातं आणि अर्धं कोर्ट असतं. म्हणजे तिथे नोटीस निघते, समोरचा म्हणणं देतो, पुरावा होतो, उलटतपास होतो, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) लिहिला जातो, आणि शेवटी कारणं देऊन आदेश होतो. तहसीलला अर्ज दिला आणि साहेबांनी फोन केला असं इथे होत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी चिडचिड कमी होते.

पायरी पहिली : ट्रस्ट नक्की कुणाच्या कक्षेत येतो

पावती पुस्तकावर किंवा लेटरहेडवर नोंदणी नंबर असतो, तो बघा. 'ई' ने सुरू होणारा नंबर म्हणजे सर्वसाधारण धर्मादाय ट्रस्ट, 'ए' म्हणजे हिंदू धार्मिक, 'एफ' म्हणजे सोसायटीवाली संस्था. वक्फची मालमत्ता असेल तर ती वक्फ बोर्डाकडे जाते. शिर्डी संस्थान, सिद्धिविनायक, पंढरपूरचं मंदिर यांना विधिमंडळाने केलेले स्वतंत्र कायदे आहेत, तिथे कारभाराचे नियम त्या त्या कायद्यातून बघायचे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असेल तर तिची मुख्य कागदपत्रं कंपनी रजिस्ट्रारकडे. आणि नंबरच नसेल, नुसतं 'अमुक प्रतिष्ठान' छापून पैसे गोळा चालले असतील तर तो वेगळाच प्रकार आहे. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायला कलम ४१-सी खाली तात्पुरती परवानगी लागते, गणपती मंडळं दरवर्षी ऑनलाइन काढतात तीच, आणि गोळा झालेल्या पैशांचा हिशोब नंतर द्यायचा असतो. मंडळाची पोरं दारात आली तर परवानगीचा नंबर विचारायला लाजू नका, नीट चालणारी मंडळं ती पावतीवर छापतातच.

पायरी दुसरी : परिशिष्ट-१ ची नक्कल काढा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच सोडतात.

परिशिष्ट-१, बोलताना शेड्युल वन म्हणतात, हा ट्रस्टचा सातबारा आहे असं समजा. ट्रस्टचं नाव, पत्ता, उद्देश, विश्वस्तांची नावं, विश्वस्त नेमायची पद्धत, जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, सगळं त्यावर असतं. आयुक्तांच्या साइटवर ट्रस्ट शोधून काही माहिती मिळते, पण तक्रारीला जोडायला सही-शिक्क्याची नक्कलच लागते. त्यासाठी जिल्ह्याच्या ऑफिसात नक्कल अर्ज द्यायचा, नोंदणी नंबर लिहायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि अर्जात फक्त परिशिष्ट-१ न मागता चार गोष्टी एकदमच मागायच्या : परिशिष्ट-१, संस्थेची मंजूर घटना (म्हणजे नियमावली), गेल्या पाच वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि दाखल असलेल्या सगळ्या चेंज रिपोर्टची, म्हणजे विश्वस्त वगैरे बदलल्याच्या अर्जांची, यादी. एकेक मागत बसलात तर चार खेपा होतात.

आमच्या वाचनालयाची नक्कल हातात आली तो दिवस मला नीट आठवतो. पिवळ्या पडलेल्या रजिस्टरची झेरॉक्स, बोरूसारख्या तिरक्या अक्षरात लिहिलेली सात विश्वस्तांची नावं, आणि त्या सातातले पाच जण वारलेले. एक तर मी शाळेत असताना गेले होते, त्यांच्या तेराव्याला आम्ही पोरं वाढायला होतो. सहावे मुलाकडे बाहेरगावी, अंथरुणाला खिळलेले. म्हणजे कागदावर त्या संस्थेचा कारभार बघणारा हिंडता-फिरता माणूस एकच उरला होता, आणि प्रत्यक्षात खुर्चीत बसून चेकवर सह्या करणारे जे चौघं होते त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्या कागदावर नव्हतं. गावात कुणालाच हे माहीत नव्हतं, कारण तो कागद कुणी मागितलाच नव्हता.

इथे एक सावधगिरी. परिशिष्टावर नाव नाही म्हणजे माणूस लगेच बोगस ठरत नाही. कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो दिलेला असतो पण ऑफिसात वर्षानुवर्षं पडून राहतो असं खूप ठिकाणी आहे. निवडणूक घटनेप्रमाणे खरोखर झाली असेल तर रिपोर्ट पेंडिंग आहे एवढ्यावरून ती माणसं बेकायदा ठरत नाहीत. म्हणूनच ती यादी मागायला सांगितलं. रिपोर्ट दाखलच नाही ही एक गोष्ट, दाखल आहे पण निकाल नाही ही दुसरी, आणि दोन गटांचे दोन वेगवेगळे रिपोर्ट पडून आहेत ही तिसरी, मराठवाड्यात काय नि पश्चिम महाराष्ट्रात काय, शिक्षण संस्थांच्या मारामाऱ्या बहुतेक या तिसऱ्या प्रकारातल्या असतात.

पायरी तिसरी : ऑडिट रिपोर्ट वाचायला शिका

सगळे ताळेबंदावर उडी मारतात आणि आकडे बघून दमतात. मी सांगतो, आधी आकडे बघूच नका. ट्रस्टच्या ऑडिट रिपोर्टला एक प्रश्नावलीसारखं पान असतं, नियम १९ प्रमाणे ऑडिटरने ठरलेल्या मुद्द्यांवर उत्तरं द्यायची असतात, ते पान काढा. त्यात विचारलेलं असतं की हिशोब नियमित ठेवलेत का, ऑडिटच्या दिवशी हातातली रोकड हिशोबाशी जुळली का, सगळी पुस्तकं आणि व्हाउचर दाखवले का, मालमत्तेचं रजिस्टर आहे का, ट्रस्टचा पैसा उद्देश सोडून दुसरीकडे वापरला का, वर्षाहून जास्त जुनी येणी किती आणि बुडीत म्हणून सोडून दिली ती किती, ५००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला टेंडर मागवलं का, कायद्यात बसत नाही अशी गुंतवणूक आहे का, परवानगीशिवाय जागा विकली किंवा दिली का, सभा घटनेप्रमाणे झाल्या का, इतिवृत्त लिहिलं का, आणि विश्वस्तांपैकी कुणी ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का. मागच्या वर्षी दाखवलेल्या चुका दुरुस्त केल्या का हे सुद्धा विचारलेलं असतं.

या पानावर होय-नाही अशी उत्तरं असतात आणि चांगला सीए इथे खोटं लिहायला कचरतो कारण खाली त्याची सही आणि मेंबरशिप नंबर असतो. आमच्या वाचनालयाच्या रिपोर्टात सलग तीन वर्षं सभेच्या मुद्द्यापुढे 'नाही' लिहिलेलं होतं आणि टेंडरच्या मुद्द्यापुढे 'लागू नाही', आणि त्याच रिपोर्टाच्या जमाखर्चात इमारत दुरुस्तीखाली लाखाच्या वर रक्कम. दोन पानांतला हा फरक मी लाल पेनाने खूण करून तक्रारीला जोडला आणि सात वर्षांत सगळ्यात जास्त काम त्याच एका खुणेने केलं, साक्षीदारांनी नाही की माझ्या भाषणानेही नाही.

आता आकडे. तीनचार वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवा, एकटा एक वाचून काही कळत नाही. विश्वस्तांना किंवा नोकरांना दिलेली उचल तीच रक्कम वर्षानुवर्षं पुढे ओढली जातेय का बघा. हातातली रोकड मोठी दिसत असेल आणि बँकेत काहीच नसेल तर विचारा. 'इतर खर्च' या नावाखाली एकूण खर्चाचा मोठा हिस्सा असेल तर विचारा. भाडं येतंय पण गाळे किती, दर किती, हे कुठेच नसेल तर नक्की विचारा. मुदत ठेव मोडली असेल तर पैसे कुठे गेले ते त्याच वर्षीच्या पानात दिसायला हवं. आणि रिपोर्ट दाखल कधी झाला ती तारीख बघा, वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत ऑडिट व्हायला हवं, चार वर्षांचे रिपोर्ट एकाच दिवशी दाखल झाले असतील तर ते कधी लिहिले गेले असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

कधीकधी नक्कल अर्जावर 'अभिलेखात आढळून येत नाही' असं उत्तर येतं. निराश होऊ नका, ते उत्तर लेखी घ्या. रिपोर्ट दाखलच नाही याचा तो पुरावा झाला, आणि हिशोब सतत न देणं हे विश्वस्ताला काढायचं कायद्यातलं पहिलं कारण आहे.

माहिती अधिकार कुठे चालतो

बहुतेक खाजगी ट्रस्टला थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकून उपयोग होत नाही. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था असेल तर मात्र चालतो, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेजच्या निकालात ते स्पष्ट केलंय, त्यामुळे अनुदानित शाळा-कॉलेजवाल्यांनी प्रयत्न जरूर करावा. बाकीच्यांसाठी रस्ता दुसरा. धर्मादाय ऑफिस स्वतः सरकारी आहे, त्याच्याकडे अर्ज टाका. त्यांच्याकडे असलेली माहिती तर मागता येतेच, आणि एखाद्या कायद्याने ते ट्रस्टकडून जी माहिती मागवू शकतात ती सुद्धा माहितीच्या व्याख्येत बसते. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपये फी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. "संपूर्ण भ्रष्टाचाराची माहिती द्यावी" असं लिहू नका, "अमुक नोंदणी क्रमांकाच्या संस्थेने २०१८-१९ ते २०२२-२३ या वर्षांचे ऑडिट रिपोर्ट कोणत्या तारखांना दाखल केले" असं लिहा.

पायरी चौथी : तुम्ही कोण हे ठरवा

कायद्यात 'हितसंबंध असलेली व्यक्ती' अशी व्याख्या आहे. देवळाच्या बाबतीत तिथे नेहमी पूजा-दर्शनाला जाणारा, मठाच्या बाबतीत शिष्य, सोसायटीच्या बाबतीत सभासद, इतर ट्रस्टच्या बाबतीत विश्वस्त किंवा लाभार्थी. देणगीदार असा वेगळा शब्द त्यात नाही, म्हणून पाच लाख दिलेत तरी नुसतं "मी देणगीदार" लिहून थांबू नका. तुम्ही त्या देवळात जाता, सभासद आहात, तुमचं मूल त्या शाळेत शिकतं, तुमचा पेशंट तिथे होता, यातलं जे खरं असेल ते पहिल्या परिच्छेदात लिहा आणि पुरावा जोडा. समोरचा वकील पहिला हल्ला इथेच करतो, की याचा संबंधच काय. माझी सभासद वर्गणीची वीस रुपयांची पावती मी जपून ठेवली होती म्हणून मी टिकलो, माझ्याबरोबर अर्जावर सही केलेल्या दोघांची नावं त्या पावतीअभावी गळली.

पायरी पाचवी : तक्रार कुठल्या कलमाखाली

"योग्य ती कारवाई व्हावी" असं लिहिलेल्या अर्जावर योग्य ती कारवाई कधीच होत नाही, हे मी फार कळकळीने सांगतो. काय हवंय ते ठरवा आणि तसं मागा.

तपासणी हवी असेल तर कलम ३७, त्याखाली निरीक्षक जाऊन दप्तर बघू शकतो, कागद मागवू शकतो. ऑडिटरनेच गडबड दाखवली असेल तर कलम ३८ खाली विश्वस्तांचा खुलासा मागवा असं लिहा, पुढे नुकसान सिद्ध झालं तर ते विश्वस्तांकडून वैयक्तिक वसूल करायचा रस्ता कलम ४१ पर्यंत जातो. विश्वस्तांना काही करायला किंवा न करायला लावायचं असेल, म्हणजे सभा बोलवा, दप्तर ताब्यात द्या, निवडणूक घ्या, तर ४१-ए खाली निर्देश मागा. चौकशी हवी तर ४१-बी. विश्वस्ताला निलंबित करायचं किंवा काढायचं तर ४१-डी, पण ते जड काम आहे, त्यात आरोप ठेवले जातात, पुरावा लागतो, वर्षं जातात, रागाच्या भरात थेट ४१-डी टाकणारे बहुतेक जण दुसऱ्या वर्षी थकतात. मालमत्ता आत्ताच हातची जाणार असेल, जेसीबी दारात असेल, तर ४१-ई खाली तातडीचा मनाई हुकूम मागा आणि त्यासोबत फोटो, जाहिरात, इसारपावती जे मिळेल ते जोडा. घटनाच नसेल किंवा कामाची राहिली नसेल तर ५०-ए खाली योजना बनवून मागता येते. दिवाणी दावा लावायचा तर कलम ५०, त्याला आधी कलम ५१ ची संमती लागते.

जागेचं प्रकरण वेगळं सांगतो कारण सगळ्यात मोठी लूट तिथेच होते. कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, बदली द्यायला, बक्षीस द्यायला आयुक्तांची आधी मंजुरी लागते. भाडेपट्टा सुद्धा शेतजमिनीचा १० वर्षांवर आणि बिनशेती जागेचा किंवा इमारतीचा ३ वर्षांवर असेल तर मंजुरी हवीच, नाहीतर तो व्यवहार कायद्याने अवैध. ट्रस्टच्या नावावर कर्ज काढायलाही परवानगी लागते. आमच्या वाचनालयाचे खालचे तीन गाळे २९ वर्षांच्या कराराने दिले होते आणि फाइलमध्ये मंजुरीचा आदेश कुठेच नव्हता. म्हणून सांगतो, जागेचा विषय असेल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि दुय्यम निबंधकांकडची इंडेक्स-टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) काढा, मग परिशिष्ट-१ वरच्या मालमत्तेशी ताडून बघा, गट नंबर सर्व्हे नंबर जुळतात का. कितीतरी ट्रस्टच्या दान मिळालेल्या जमिनी परिशिष्टावर चढवलेल्याच नसतात, मग त्या गुपचूप विकायला सोप्या जातात.

पायरी सहावी : अर्ज लिहिणे आणि टिकून राहणे

वर ऑफिसचं नाव, ट्रस्टचं नाव आणि नंबर, अर्जदार, सामनेवाले म्हणून ट्रस्ट आणि विश्वस्त प्रत्येकी नाव-पत्त्यासह. मग तारखेच्या क्रमाने घटना, एका परिच्छेदात एकच गोष्ट आणि तिच्यापुढे कुठला कागद जोडलाय त्याचा नंबर. विशेषणं काढून टाका. 'चोर', 'लुटारू', 'हुकूमशाही' हे शब्द अर्जात आले की साहेबांना ते गावचं राजकारण वाटतं, आणि वाटणारच. शेवटी मागणी, सत्यापन, प्रतिज्ञापत्र. सामनेवाले जितके तितक्या प्रती, एक स्वतःची, तिच्यावर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तक्रारीचा मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, बदनामीची नोटीस येते आणि मूळ विषय बाजूला राहतो, एका गावात मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

मग तारखा. सामनेवाले मुदत मागतील, साहेब रजेवर असतील, निरीक्षक कमी आहेत म्हणून तपासणी लांबेल. प्रत्येक तारखेला जा आणि गैरहजर राहू नका, अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज निकाली निघतो तेव्हा फार वाईट वाटतं. रोजनाम्याची नक्कल अधूनमधून घेत जा. चेंज रिपोर्टवरचा निकाल पटला नाही तर कलम ७० खाली अपील असतं, त्याला ६० दिवसांची मुदत, आदेशाच्या नकलेसाठी अर्ज निकालाच्याच दिवशी टाका.

पैशाचा सरळ अपहार असेल, खोट्या सह्या असतील, तर तो गुन्हा आहे आणि त्याची फिर्याद पोलिसात वेगळी, विश्वासघाताचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१६ आहे. धर्मादायचा अर्ज चालू आहे म्हणून पोलीस टाळतात, आणि पोलिसांत फिर्याद आहे म्हणून इकडे तारीख पडते, हा अनुभव येईल. दोन्हीकडे लेखी सांगा की विषय वेगळे आहेत, इकडे कारभार आणि तिकडे गुन्हा.

हॉस्पिटलचं तेवढं वेगळं

नातेवाईक धावपळीत असतात म्हणून थोडक्यात. धर्मादाय हॉस्पिटलला कलम ४१-एए आणि मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना लागू आहे, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवायची असते. तातडीच्या पेशंटला आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिटसाठी अडवायचं नाही. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड बरोबर ठेवा, हॉस्पिटलच्या समाजसेवकाला गाठा, नकार दिला तर लेखी मागा, आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या धर्मादाय ऑफिसला कळवा. डिस्चार्ज झाल्यावर, बिल भरल्यावर तक्रार करण्यापेक्षा पेशंट आत असताना केलेल्या एका अर्जाला जास्त वजन असतं.

देणगी देणाऱ्यांसाठी, विशेषतः परदेशातल्यांसाठी

पुण्या-मुंबईचे किंवा अमेरिका-इंग्लंडमधले आपले लोक गावच्या शाळेला पैसे पाठवतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. करसवलतीची ८०-जी पावती पाहिजे तर २००० रुपयांवर रोख देऊ नका, संस्थेची नोंदणी चालू आहे का ते आयकर साइटवर बघा कारण ती आता कायमची नसते, मुदतीची असते, आणि वर्ष संपल्यावर फॉर्म १०-बीई मागा, नुसती छापील पावती पुरत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही हेही लक्षात ठेवा. दुसरं, तुमचा पासपोर्ट भारतीयच असेल आणि स्वतःची बचत नेहमीच्या बँकेतून पाठवत असाल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत, पण तुम्ही तिकडचे नागरिक झाला असाल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगीच. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. "काका, माझ्या पर्सनल खात्यात पाठवा, मी संस्थेला देतो" असं कुणी म्हणालं तर पाठवू नका, देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

हे खातं किती स्वतंत्र आहे

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, की आमदारच संस्थेचा अध्यक्ष आहे, इथे न्याय कसा मिळेल. खरं सांगायचं तर खातं सरकारच्या विधी व न्याय विभागाखाली येतं, माणसं आणि पैसा सरकार देणार. पूर्वी ट्रस्टच्या उत्पन्नाच्या २ टक्के वर्गणी या खात्याला मिळायची, ती वसुली २००९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने थांबली. दुसऱ्या बाजूला आदेश कारणांसह द्यावा लागतो आणि तो वर कोर्टात तपासला जातो, हे संरक्षण छोटं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशन आहे, तिथे कायद्यातच लिहिलंय की कुठल्या मंत्र्याने त्यांना हुकूम सोडायचा नाही, आणि वर्षाला २५ हजार पौंडांवर उत्पन्न असलेल्या संस्थेचे हिशोब कमिशनकडे जातात आणि घरबसल्या कुणालाही दिसतात, नक्कल अर्ज नाही, स्टॅम्प नाही. मला वाटतं आपल्याकडे मंत्री-बिंत्री नंतर बघू, पण प्रत्येक ट्रस्टचं परिशिष्ट-१ आणि ऑडिटचं ते होय-नाहीचं पान साइटवर सरसकट दिसायला लागलं तरी निम्मी भांडणं गावातच मिटतील, कारण बघणारे डोळे वाढतील. उलट टोकाची भीती पण खरी आहे, की सरकारच देवळं-मठ चालवायला घेईल. १९५४ मध्येच रतिलाल गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा कायदा मुख्यतः वैध ठरवला, पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त करायची तरतूद उडवली. देखरेख करणाऱ्याने गल्ल्यावर बसायचं नाही, एवढी रेघ तिथे ओढलेली आहे.

शेवटची पायरी, जी सगळे विसरतात

आदेश तुमच्या बाजूने झाला म्हणजे नोंद झाली असं नाही. अपिलाची मुदत संपल्यावर आदेशाप्रमाणे परिशिष्ट-१ वर अंमल द्यावा लागतो, तो आपोआप होईलच असं धरून चालू नका. आमच्या प्रकरणात आदेश झाला, पेढे वाटले, नवीन विश्वस्त बँकेत गेले तर मॅनेजरने परिशिष्ट मागितलं आणि त्यावर तेच सात जण, वारलेल्या पाचांसह. परत अर्ज, परत चार महिने. आता दरवर्षी एप्रिलमध्ये आमच्यातला एक जण जाऊन परिशिष्टाची ताजी नक्कल काढतो आणि ती वाचनालयाच्या दारातल्या बोर्डावर, वर्तमानपत्रांच्या स्टँडच्या वर, ऑडिट रिपोर्टाच्या त्या पानाशेजारी लावतो.